साथीच्या दिवसांत लॅबच्या रिपोर्टवर किती विसंबायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. "रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी इतवारीपासून महालापर्यंत घुमते, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या फोनवर डेंग्यूच्या रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. मी वीसेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पुढचे प्रश्न रुग्णांचे, त्यांच्या घरच्यांचे, फॅमिली डॉक्टरांचे आणि डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम) करून नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींचे आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

१. लॅबची गुणवत्ता म्हणजे नेमकं काय? मशीन चांगलं असलं की झालं ना?

नाही. तोच नमुना आज तपासला, उद्या तपासला, मी तपासला किंवा माझ्या सहकाऱ्यानं तपासला, तरी उत्तर तेच यावं आणि ते खरं असावं, ही गुणवत्ता. ती टिकते आहे का हे रोज पुराव्यानिशी पाहणं म्हणजे देखरेख. उत्तम मशीनमध्येही चुकीच्या वेळी घेतलेला, उन्हात राहिलेला किंवा दुसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी लागलेला नमुना घातला, तर मशीन अगदी नीट काम करून चुकीचं उत्तर देतं.

२. एरवी लॅब बरोबर असतात, मग साथीतच गोंधळ काहून होतो?

कारण कामाचा ढीग वाढतो आणि हात तेवढेच राहतात. नागपुरात ११ मार्च २०२० ला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा विदर्भभरातले नमुने मेयोच्या (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) प्रयोगशाळेत यायचे. पुढे एम्स, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), पशुवैद्यक महाविद्यालय अशा ठिकाणी तपासणी सुरू झाली. एरवी जनावरांचे आजार किंवा सांडपाण्यातले विषाणू तपासणारी माणसं काही आठवड्यांत माणसांचे स्वॅब तपासू लागली. त्यांनी ते जीव ओतून केलं, हे मी जवळून पाहिलं आहे. पण नवीन माणसं, नवीन किट, संपत आलेलं सामान आणि "रिपोर्ट कधी?" म्हणून सतत वाजणारा फोन, या चारही गोष्टी एकत्र आल्या की चुकीला वाव मिळतो.

माझ्या अनुभवात घाईत सगळ्यात आधी बळी जातो तो कंट्रोलचा. "आज एवढे नमुने आहेत, कंट्रोलच्या जागी दोन पेशंट घेऊ" हा विचार मनात येतो. ज्या दिवशी कंट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच दिवशी तो येतो. कंट्रोल म्हणजे काय, ते प्रश्न ४ मध्ये.

३. चूक मशीनवर होते की सॅम्पल घेताना?

बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच. स्वॅब नाकात पुरेसा आत गेला नाही तर विषाणू असूनही हाती लागत नाही. कापसाचा, लाकडी काडीचा स्वॅब वापरला तर पीसीआरची (विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधण्याची) रासायनिक क्रियाच दबू शकते, म्हणून डॅक्रॉन किंवा पॉलिएस्टरचा बोळा आणि प्लास्टिकची काडी लागते. स्वॅब ज्या गुलाबी द्रावात बुडवतात तो पिवळा पडला असेल, तर त्यात जंतू वाढल्याची शंका घ्यावी आणि नमुना परत मागावा.

त्यानंतर तापमान. असा नमुना २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो आणि पाच दिवसांहून जास्त ठेवायचा झाला तर उणे ७० अंशांत. भिवापूर, कुही, रामटेकहून दुचाकीवर येणारी पेटी रस्त्यावरच्या उन्हात किती वेळ उभी होती, पेटीतले बर्फाचे पॅक पाणी झाले होते का, हे नमुना घेणाऱ्यानं पेटी उघडताक्षणी पाहून लिहायला हवं. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात ही नोंद लॅबमधल्या कुठल्याही मशीनइतकीच मोलाची आहे. नमुना नाकारणं रुग्णाला त्रासाचं वाटतं, पण खराब नमुन्यावर "निगेटिव्ह" छापून देणं त्याहून फार वाईट.

४. "कंट्रोल लावला" म्हणतात. म्हणजे नक्की काय करता?

ज्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे, असा नमुना तुमच्या नमुन्यांसोबत लावतो. पीसीआरच्या प्लेटमध्ये ९६ खड्डे असतात. त्यातले काही कंट्रोलचे. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये विषाणूचा अंश असतो. तो पकडला गेला नाही तर रसायनं किंवा मशीन नादुरुस्त. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये नुसतं शुद्ध पाणी असतं. त्यात काही दिसलं तर कुठेतरी मिसळामिसळ झाली. तिसरा कंट्रोल नमुन्यातून आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढण्याच्या पायरीपासून सोबत चालतो, म्हणजे त्या पायरीवरची चूकही कळते.

चौथा कंट्रोल प्रत्येक नमुन्याच्या आत असतो. माणसाच्या पेशीतला एखादा जनुक, बऱ्याच किटमध्ये आरनेज-पी नावाचा, विषाणूसोबत शोधला जातो. तोही सापडला नाही तर अर्थ असा की स्वॅबवर माणसाच्या पेशीच आल्या नाहीत किंवा क्रिया दबली. अशा नमुन्याला "निगेटिव्ह" म्हणता येत नाही. "निष्कर्ष काढता येत नाही, नमुना पुन्हा द्यावा" असंच लिहावं लागतं.

निगेटिव्ह कंट्रोल बिघडण्याचं कारण बहुतेकदा आमच्याच घरातलं असतं. पीसीआरनंतर एका नळीत त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार झालेल्या असतात. नळी उघडली की त्या हवेत, हातमोज्यांवर, पिपेटवर बसतात आणि पुढच्या प्लेटमध्ये उतरतात. म्हणून रसायनं मिसळायची खोली वेगळी, नमुना घालायची वेगळी, मशीनची वेगळी, आणि माणूस त्याच दिशेनं जातो. मशीनच्या खोलीतून उलटा परत येत नाही. यात भलेभले अडकले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं) तिथल्या राज्यांच्या प्रयोगशाळांना कोरोनाचे पहिले किट पाठवले, तेव्हा अनेक प्रयोगशाळांना निगेटिव्ह कंट्रोलमध्येच सिग्नल दिसला. त्यांनी कंट्रोल लावला होता म्हणून दोष रुग्णांच्या रिपोर्टात न उतरता किटमध्येच पकडला गेला. देशभरची तपासणी मात्र त्यापायी काही आठवडे रखडली.

दुसऱ्या लाटेत, मी तेव्हा होते त्या लॅबमध्ये, एका रात्री पाण्याच्या खड्ड्यात ३६ व्या चक्राला, म्हणजे प्रती दुप्पट करण्याच्या ३६ व्या फेरीत, सिग्नलची रेषा वर उठली. प्लेट रद्द करायची म्हणजे नव्वदहून अधिक घरांना आणखी एक दिवस थांबायला सांगायचं. आम्ही रद्द केली, टेबलं ब्लीचनं पुसली, रसायनांच्या नव्या नळ्या काढल्या आणि पहाटेपर्यंत पुन्हा चालवली. आधी "पॉझिटिव्ह" दिसलेल्या काही नमुन्यांचा सिग्नल दुसऱ्या वेळी नाहीसा झाला होता.

५. भिंतीवर रोज ठिपके मारतात तो आलेख कशाचा?

त्याला लेव्ही-जेनिंग्ज आलेख म्हणतात. १९५० पासून प्रयोगशाळांत तो वापरात आहे. एकाच कंट्रोलचा आकडा रोज मोजून ठिपका टाकायचा. आधी किमान वीस मोजण्या घेऊन सरासरी आणि तिच्याभोवतीचा नेहमीचा चढउतार काढतात, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. ठिपका सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेला तर त्या दिवसाचे रिपोर्ट थांबवायचे. दोनच्या बाहेर एकदा गेला तर सावध व्हायचं, कारण सगळं ठीक असतानाही वीसात एखादा ठिपका तिथे जातोच. पण सलग दोनदा एकाच बाजूला गेला तर थांबायचं. हे वेस्टगार्ड यांचे नियम.

नव्या मुलांकडून निसटतो तो नियम वेगळा आहे: सलग दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर सगळे मर्यादेच्या आत असूनही काहीतरी सरकतं आहे. एकदा डेंग्यूच्या एलायझात (प्लेटमध्ये रंग मोजून प्रतिपिंडं किंवा विषाणूचा अंश शोधण्याच्या तपासणीत) आमचा निगेटिव्ह कंट्रोल रोज कणाकणानं वर चढत होता. कुठलाच ठिपका लाल रेषेबाहेर नव्हता. शेवटी प्लेट धुणाऱ्या यंत्राची एक सुई अर्धवट चोंदलेली निघाली. धुणं अपुरं पडत होतं, म्हणून खोटा रंग उरत होता. आधी गेलेल्या रिपोर्टांचं काय केलं, ते प्रश्न १६ मध्ये.

६. लॅब स्वतःच स्वतःला तपासणार? बाहेरचं कोणी बघतं का?

बघतं. त्याला बाह्य गुणवत्ता मूल्यमापन म्हणतात. एखादी मोठी संस्था सगळ्या लॅबना एकसारखे, उत्तर झाकलेले नमुने पाठवते, प्रत्येक जण तपासून उत्तर कळवतो आणि मग कोण कुठे आहे ते सांगितलं जातं. रक्त आणि जैवरसायनाच्या तपासण्यांसाठी वेल्लोरचं सीएमसी आणि दिल्लीचं एम्स असे कार्यक्रम चालवतात. आकडा झेड-स्कोअरमध्ये, म्हणजे आपलं उत्तर अपेक्षित उत्तरापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे या मापात, येतो: उणे २ ते अधिक २ च्या आत असला तर ठीक, ३ च्या पलीकडे गेला तर कारण शोधून लिहावं लागतं.

कोरोनात आयसीएमआरनं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं) वेगळी रीत ठेवली. लॅबनं आपल्याकडचे पाच पॉझिटिव्ह आणि पाच निगेटिव्ह नमुने ठरवून दिलेल्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि तिथलं उत्तर आपल्याशी जुळतं का बघायचं. क्षयरोगात ही शिस्त फार जुनी आहे. नागपूरच्या क्षयरोग संदर्भ प्रयोगशाळेसारख्या ठिकाणांहून माणसं जाऊन जागेवर पाहणी करतात, पॅनेलचे (उत्तर त्यांना आधीच माहीत असलेले) नमुने देतात आणि आधी वाचलेल्या स्लाइड निकाल झाकून पुन्हा वाचतात.

एक गोष्ट मनापासून सांगते. बाहेरून आलेला नमुना सगळ्यात अनुभवी माणसानं, तीनदा तपासून, सावकाश करायचा मोह होतो. तसं केलं की ती परीक्षा त्या एका माणसाची होते. रात्रपाळीच्या मुलानं, गर्दीच्या प्लेटमध्ये, रुग्णाच्या नमुन्यासारखाच तो चालवावा. तरच लॅबचं खरं चित्र कळतं.

७. एनएबीएल असलेल्या लॅबचा रिपोर्ट डोळे झाकून मानायचा का?

एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते आणि ती लॅबला सरसकट नसून तपासणीनिहाय असते. साखरेसाठी मान्यता आहे म्हणून डेंग्यूसाठी असेलच असं नाही. "ही तपासणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का?" एवढं विचारा. खालची सहीही पाहा: सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये, पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही रिपोर्टवर हवी, हा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

८. डेंग्यू धंतोलीच्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह, घराजवळच्या लॅबमध्ये निगेटिव्ह. खरं कोणतं मानू?

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा प्रश्न मला रोज येतो. बहुतेक वेळा दोन्ही लॅबनी नीट काम केलेलं असतं.

पहिलं पाहा ताप कोणत्या दिवशीचा आहे. एनएस-१ हा विषाणूचाच भाग आहे; तो पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात चांगला सापडतो. आयजीएम ही आपल्या शरीराची प्रतिपिंडं. ती साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी एका लॅबनं एनएस-१ केला आणि सातव्या दिवशी दुसरीनं फक्त एनएस-१ केला, तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. रिपोर्टवर "तापाचा दिवस" लिहिलेला नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे असं मी मानते.

दुसरं पाहा तपासणी कार्डवरची होती की एलायझा. कार्ड पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतं, पण डासांमुळे होणाऱ्या आजारांचा सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम निश्चितीसाठी एलायझा धरतो. आयजीएमचा एलायझा किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था सरकारी केंद्रांना पुरवते. कार्डची फिकट रेषा एका डोळ्याला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि ठरवलेल्या वेळेनंतर वाचली तर नसलेलीही दिसते.

तिसरी अडचण खरी अवघड आहे. ज्याला आधी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्यात एनएस-१ लवकर दिसेनासा होऊ शकतो आणि आयजीएम कमी किंवा अजिबातच वाढत नाही, उलट आयजीजी (आधीच्या संसर्गाची आठवण ठेवणारी प्रतिपिंडं) झपाट्यानं चढतं. म्हणजे दुसऱ्यांदा झालेला, जास्त धोक्याचा डेंग्यू दोन्ही तपासण्यांत "निगेटिव्ह" येऊ शकतो. उलट बाजूनं जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडं डेंग्यूच्या आयजीएमला फसवतात, आणि आपल्या भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यातल्या रुग्णाबाबत हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती, रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखान्यात जा.

९. प्लेटलेट सकाळी ४० हजार, संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये ९० हजार. एवढा फरक?

आधी बोट किंवा शीर कशी टोचली ते पाहावं. रक्त थेंबाथेंबानं आलं, जांभळ्या झाकणाची नळी लगेच हलवली नाही, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुठळीला एकच धरतं किंवा मोजतच नाही. काही लोकांच्या रक्तात तर त्या नळीतल्या ईडीटीएमुळेच (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळेच) गुठळ्या होतात. माणूस ठणठणीत असतो आणि आकडा भीतीदायक येतो. उपाय सोपा आहे: काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. गुठळ्या दिसल्या तर सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घेऊन आकड्याला १.१ नं गुणायचं, कारण त्या नळीतल्या द्रावानं रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.

एक लाखाच्या खालचा आकडा स्लाइड न पाहता देऊ नये, असं मी शिकवते. "स्लाइडवर पडताळले" ही ओळ रिपोर्टवर आहे का ते शोधा. आकडा फार खाली असताना मशीनची स्वतःची चूकही वाढते, म्हणून १८ हजारांचे २२ हजार झाले म्हणजे सुधारलं असं समजू नका. चढउतार पाहायचा तर लॅब एकच ठेवा.

१०. सीटी व्हॅल्यू कमी म्हणजे आजार जास्त का? दोन लॅबची सीटी वेगळी का येते?

सीटी म्हणजे किती चक्रांनंतर सिग्नल दिसला तो आकडा. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात, त्यामुळे साधारण ३.३ चक्रांचा फरक म्हणजे दहापट. पण तो आकडा स्वॅब किती खोल गेला, कोणता किट, कोणता जनुक, किती द्राव घेतला या सगळ्यावर ठरतो. म्हणून दोन लॅबच्या सीटीची तुलना करू नका आणि त्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नका. कोरोनात आयसीएमआरनं ३५ हा उंबरठा ठेवला होता. तो २४ वर आणण्याची सूचना पुढे आली, तेव्हा संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण निसटतील म्हणून ती मानली गेली नाही.

११. रॅपिड अँटिजेन निगेटिव्ह आलं तर सुटलो का?

लक्षणं असतील तर नाही. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं पहिल्या किटला परवानगी दिली, तेव्हा खऱ्या रुग्णांना पकडण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. याउलट निरोगी माणसाला निगेटिव्ह सांगण्याची क्षमता ९९ टक्क्यांच्या वर. म्हणून पॉझिटिव्ह आलं तर मानायचं, आणि लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करायचं, असा नियम होता.

१२. चाचणी ९८ टक्के अचूक आहे, तरी साथ ओसरताना खोटे पॉझिटिव्ह का वाढतात?

हे एकदा आकड्यांत पाहिलं की विसरत नाही. समजा, चाचणी १०० आजाऱ्यांतल्या ९५ जणांना पकडते आणि १०० निरोगी माणसांतल्या ९८ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते. साथ भरात असताना १०,००० लोक तपासले आणि त्यात २,००० खरोखर आजारी आहेत. १,९०० पकडले जातील आणि ८,००० निरोगींपैकी १६० जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे हाती आलेल्या २,०६० पॉझिटिव्हपैकी ९२ टक्के खरे.

साथ ओसरली, आता १०,००० मध्ये १०० च आजारी. पकडले गेले ९५, पण ९,९०० निरोगींतून १९८ जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण २९३, त्यातले खरे फक्त ३२ टक्के. चाचणी तीच, लॅब तीच, माणसंही तितकीच काळजी घेणारी. म्हणून साथीच्या शेवटी, लक्षणं नसलेल्या माणसाचा एकटा पॉझिटिव्ह दुसऱ्या पद्धतीनं पडताळावा.

१३. किट सरकारमान्य आहे. मग आमच्या छोट्या लॅबनं पुन्हा का तपासायचं?

कारण मान्यता मिळते ती मान्यता देणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत, तिथल्या हवेत. एप्रिल २०२० मध्ये परदेशातून आलेले प्रतिपिंडांचे रॅपिड किट राज्यांना वाटले गेले. राजस्थाननं ज्यांचा पीसीआर पॉझिटिव्ह होता अशा रुग्णांवर ते वापरून पाहिले तेव्हा जेमतेम ५.४ टक्के जुळले. काही दिवसांतच आयसीएमआरनं ते थांबवून परत पाठवायला सांगितले. एका राज्यानं स्वतः पडताळलं म्हणून देशभर सावध होता आलं.

नागपूरला यात खास कारण आहे. किटच्या पत्रकात "रूम टेम्परेचर" लिहिलेलं असतं ते साधारण पंचवीस अंशांच्या आसपासचं. मे महिन्यात आपल्या खोलीत ते ३६-३८ असतं, क्रिया जोरात होते आणि रंग जास्त येतो. कार्डं ३० अंशांपर्यंत ठेवायची असतात. कपाटात पारा ४० ओलांडतो. कूलरच्या दमट हवेत पाकीट आधी फोडून ठेवलं तर पट्टी ओलसर होते. म्हणून तपासणीच्या खोलीत एसी लावा आणि रोज तापमान लिहा. नवा लॉट (किटची नवी खेप) आला की जुन्या लॉटवर तपासलेले काही ठाऊक नमुने त्यावर चालवा. एन्झाइम ठेवायचा फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नको, तो मधूनमधून गरम होतो. रात्री वीज गेली हे सकाळी कळावं म्हणून कमाल-किमान दाखवणारं थर्मामीटर आत ठेवा.

१४. नीरीच्या गुळण्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवायचा का? त्यात तर आरएनए वेगळा काढतच नाहीत.

ही आपल्या नागपुरातली पद्धत, आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे. मिठाच्या पाण्यानं १५ सेकंद गुळण्या करायच्या, ते पाणी नळीत थुंकायचं. लॅबमध्ये खास बफर मिसळून, गरम करून थेट पीसीआर. मे २०२१ मध्ये आयसीएमआरनं तिला परवानगी दिली. स्वॅब लागत नाही, नमुना घेणारा माणूस लागत नाही, तीन तासांत उत्तर. गावाकडे हे मोठं काम आहे.

देखरेखीच्या दृष्टीनं मात्र एक गोष्ट बदलते. आरएनए शुद्ध करताना क्रिया दाबणारे पदार्थ धुतले जातात. इथे ती पायरी नाही. म्हणून प्रश्न ४ मधला चौथा, नमुन्याच्या आतला कंट्रोल इथे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. तो दिसला नाही तर निगेटिव्ह देऊ नये.

१५. एखाद्या लॅबमध्ये गडबड चालली आहे हे बाहेरून कसं कळतं?

पॉझिटिव्हचं प्रमाण पाहून. एकाच शहरात, एकाच आठवड्यात बाकी लॅबमध्ये १२ टक्के पॉझिटिव्ह येत असताना एकीकडे २ टक्के आले, तर आधी विचारायचं, आरोप नंतर. कदाचित ती लॅब फक्त प्रवाशांचे नमुने घेत असेल. पण विचारलं मात्र पाहिजे.

इंग्लंडमध्ये हेच निसटलं. ८ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर २०२१ या काळात एका खासगी लॅबनं सुमारे ४३,००० लोकांना चुकून निगेटिव्ह सांगितलं असावं, असा अंदाज तिथल्या आरोग्य यंत्रणेनं दिला. शंका आली ती घरच्या रॅपिड तपासणीत पॉझिटिव्ह असलेली माणसं एकामागून एक पीसीआरमध्ये निगेटिव्ह येऊ लागली तेव्हा. आपल्याकडे हरिद्वारच्या कुंभमेळ्यात २०२१ साली सुमारे एक लाख तपासण्या बनावट असल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं, आणि धागा सापडला तो पंजाबमधल्या एका माणसामुळे. त्यानं तपासणीच केली नव्हती, तरी निगेटिव्ह आल्याचा संदेश त्याच्या मोबाइलवर आला होता.

यात डॉक्टर आणि रुग्ण दोघांचा वाटा आहे. रुग्ण आणि रिपोर्ट जुळत नसेल तर डॉक्टरांनी लॅबला फोन करावा. चांगली लॅब त्या फोनचा राग धरत नाही. कधी कधी विसंगतीतून नवीन माहितीही मिळते: ओमायक्रॉन आला तेव्हा काही किटमध्ये एस जनुकाचा सिग्नल गायब झाला आणि बाकीचे जनुक दिसत राहिले. ज्यांनी त्याला किटचा दोष म्हणून सोडून दिलं नाही, त्यांना त्यावरून नवा प्रकार आल्याची पहिली खूण मिळाली. एकाच जनुकावर विसंबणारा किट साथीत घेऊ नये, याचं कारणही हेच.

१६. चूक नंतर सापडली तर आधीच वाटलेल्या रिपोर्टांचं काय करायचं?

कंट्रोल शेवटचा नीट कधी होता तो दिवस शोधायचा. त्या दिवसापासून आजपर्यंतचे सगळे नमुने संशयित मानायचे, जपून ठेवलेले पुन्हा तपासायचे. म्हणूनच साथीत नमुने लगेच फेकू नयेत. उत्तर बदललं तर "सुधारित अहवाल" असं वर लिहून, जुना निकालही त्यात दाखवून, नवा द्यायचा. जुना गुपचूप पुसायचा नाही. डॉक्टरांना फोन करायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल ते संध्याकाळपर्यंत उघडणार नाहीत. मनपाला कळवलेला आकडाही दुरुस्त करायचा.

प्रश्न ५ मधल्या चोंदलेल्या सुईच्या वेळी आम्ही मागे गेलो, तेव्हा काही आयजीएम पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झाले. त्यातल्या एका बाईंचा ताप अजून उतरला नव्हता. डेंग्यू म्हणून सगळे थांबले होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तर काखेत काळी खपली निघाली. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप; चाव्याच्या जागी अशी खपली येते) होता. २०१८ च्या साथीनंतर नागपूरच्या डॉक्टरांना ती खपली शोधायची सवय आहे, पण हातातल्या पॉझिटिव्ह कागदामुळे नजर वळली होती. योग्य गोळ्या सुरू झाल्या आणि त्या बऱ्या झाल्या.

ज्यांचे नमुने उरले नसतील त्यांना पुन्हा बोलवायचं, त्या तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि का बोलावतो आहोत ते स्पष्ट सांगायचं.